आमच्या घरचं दुपारचं नेट

॥ श्री ॥

सिंदी (रेल्वे),
वैशाख वद्य अष्टमी

ती. माणिकदादा यांच्या पायांवर धाकट्या विमलचं डोकं टेकलेलं समजावं.

देवाच्या कृपेनं कारंज्याला तुम्ही, वहिनी आणि सगळी मंडळी खुशाल असाल. तुमचा गुडघा आता कसा आहे? दुकानात दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसू नका, खताचं एखादं पोतं पायाखाली घेत जा. वहिनींची बीपीची गोळी वेळेवर सुरू असेलच. फोन असताना ही पत्र काऊन लिहिते, असं तुमच्या मनात येईल. दादा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाही, आणि मग दुकानातलं गिऱ्हाईकही मध्ये बोलतं. मागच्या खेपेला मी अंकिताच्या पायांची सूज सांगत होते तर कोणीतरी युरिया कधी येणार म्हणून मलाच विचारलं. म्हणून पत्र. सावकाश वाचा, चष्मा लावून.

तर अंकिता सातवा लागल्यावर माहेरी आली, हे तुम्हाला माहीतच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, यात मी कोणाचं ऐकणार नव्हते. पियुषरावांनी (जावई स्वभावानं फार चांगले, फक्त जेवताना मोबाईल पाहतात) पुण्याहून आणून सोडलं. पण आजकालच्या पोरी नुसत्या पोट घेऊन येत नाहीत, सोबत ऑफिसही घेऊन येतात. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं की घरून काम करा, पण नेट चांगलं पाहिजे. मीटिंगमध्ये आवाज तुटला तर पुण्याला यावं लागेल. म्हणजे माझं नातवंड माहेरी होणार की सासरी, हे आता ना दिवसांवर होतं ना डॉक्टरणीवर. ते होतं नेटच्या स्पीडवर. तेव्हा नेट घेतलं. शंभरचं घेतलं. (पन्नासचंही होतं आणि स्वस्त होतं. पण बाळंतपणात हात आखडू नये. हिशेबाच्या वहीत हा खर्च कशाखाली लिहावा ते मात्र सुचेना, म्हणून डिंक-मेथीच्या खाली लिहिला.)

नेट बसवायला देवेंद्र नावाचा मुलगा आला. चांगला वळणाचा होता, चप्पल बाहेर काढून आला. त्यानं तो दोन शिंगांचा डबा, ज्याला राऊटर म्हणतात, हातात धरून सांगितलं की हा उंच जागी ठेवा, घराच्या मधोमध, आणि जिथं कोणाचा सारखा हात लागणार नाही तिथं. दादा, आमचं घर तुम्ही पाहिलं आहे. उंच, मधोमध, आणि जिथं माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, अशी जागा एकच. शिवाय देव्हाऱ्यातल्या दिव्यासाठी मागून वायरचं भोक आणि प्लग आधीच होता, म्हणजे सुताराचा खर्चही वाचला. देवांच्या डोक्यावर नको म्हणून उजवीकडे, शंखाच्या शेजारी ठेवला. देवेंद्र म्हणत होता, "बाई, त्याले हळद नका लावू," पण तोपर्यंत हळदकुंकू लावून झालं होतं. त्यानं मोबाईलवर स्पीड मोजून दाखवली. फटफटीला असतो तसा काटा असतो, तो सर्रकन शंभरला जाऊन टेकला. मी वर साखर ठेवली.

(एक चूक माझी झाली, ती आधीच सांगून टाकते. सुरुवातीला अंकिता आंघोळीला गेली की मी राऊटरचं बटन बंद करत असे. कोणी वापरत नसताना दिवे उगाच लुकलुकत ठेवायचे कशाला? पण तिच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी उतरत होतं म्हणे, ते अर्ध्यावर तुटलं. तेव्हापासून हात लावला नाही.)

नेट आल्याबरोबर आमच्या ह्यांना पंख फुटले. बाजार समितीतून रिटायर झाल्यापासून हे पेपर दोनदा वाचत होते. आता टीव्ही नेटवर लावून मॅच पाहू लागले. त्यात एक गंमत अशी की आपल्या नेटवरची मॅच शेजारच्या शोभाबाईंच्या छत्रीवाल्या टीव्हीच्या मागून धावते. आपला बॉलर अजून पळत येतो आहे आणि भिंतीपलीकडून शोभाबाई ओरडतात, "गेला नं!" हे चिडून लाल. एकदा भिंतीवर मूठ आपटून म्हणाले, "शोभाबाई, मले माह्या डोळ्यानं आऊट होताना पाहू द्या जी!" तर पलीकडून उत्तर आलं, "मंग छत्री घ्या नं, प्रभाकरराव!" त्या दिवसापासून हे कानात कापूस घालून मॅच पाहतात, आणि मी जेवायला हाक मारली तर तीही ऐकू येत नाही, हा त्यांचा वरचा नफा.

हे सगळं सकाळचं आणि संध्याकाळचं झालं. दुपारी मात्र विपरीत. सकाळी नेट अगदी धाम नदीला पूर आल्यासारखं. जेवणं झाली, मागचं आवरलं, की बसलं. टीव्हीवर आधी माणसांचे चेहरे चौकटी-चौकटीचे होत, दोसुतीवर टाके घालावेत तसे, मग मध्यभागी ते गोल चक्कर येई आणि फिरत राही. आणि अंकिताची मोठी मीटिंग नेमकी दुपारची. ती आतल्या खोलीतून ओरडे, "बाबा, टीव्ही बंद करा!" हे म्हणत, "अवं, टीव्हीच बंद पडला, मी काय बंद करू?" मग बापलेकीचं लागे. ह्यांना वाटे, ऑफिस नेट खातं. तिला वाटे, मॅच खाते. मला वाटे, शोभाबाईंनी पासवर्ड मिळवला. (मनात आणलं, बोलले नाही. नंतर त्यांना दोन कैऱ्या नेऊन दिल्या, प्रायश्चित्त म्हणून.)

शेवटी ह्यांनी निदान केलं की हा उन्हाचा प्रताप आहे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, सिमेंटच्या रस्त्यावर पापड भाजावा. माणूस आडवा होतो, तिथं त्या डब्याची काय कथा! म्हणून ह्यांनी कूलर ढकलत नेऊन त्याचं तोंड देवघराकडे केलं. आम्ही तिघं घामानं निथळतो आहोत, गरोदर पोरगी ओल्या पंचानं वारा घेते आहे, आणि देव्हाऱ्याला वाळ्याचा गार वारा. नेट काही आलं नाही. मी मात्र समाधान मानलं की निदान देवांची दुपार बरी गेली.

देवेंद्रला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा तो भर दुपारी आला आणि राऊटर पाहतो म्हणाला. मी म्हटलं, बाबा, देव जेवून निजले आहेत, दिवेलागणीला ये. आमच्या सासूबाईंपासून ही रीत आहे, नैवेद्य झाला की देव्हाऱ्याची दारं लावायची ती दिवेलागणीलाच उघडायची. मधे घरात मोठ्यानं शिंकतही नाही कोणी. देवेंद्रही देवभोळा, मान हलवून गेला. दिवेलागणीला आला, काटा मोजला, शंभर! "बाई, तुमचं नेट तं टनाटन चालून राह्यलं." दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चहा पिताना म्हणाला, "नेट चांगलं आहे, तुमचं टायमिंग खराब आहे." आता टायमिंगला दुरुस्तीचा माणूस कुठून आणायचा?

मग व्हायचं तेच झालं. साहेबांचा निरोप आला की सोमवारपासून पुण्याला हजर व्हा, नाहीतर बिनपगारी रजा घ्या. अंकितानं बॅग काढली आणि खाटेवर ठेवली. तिनं त्यात आधी माझ्या हातचे डिंकाचे लाडू ठेवले, मग कपडे. आठवा महिना, रात्रभराची गाडी, आणि तिकडे सासूबाई स्वतःच संधिवातानं बसलेल्या. ह्यांनी त्या दिवशी कानातला कापूस काढून ठेवला आणि मॅच लावलीच नाही. मी देवापुढे संकल्प सोडला, की सात दिवस पोथी वाचीन, पोरीला इथंच ठेव. अंकिताला म्हटलं, मला सात दिवस दे. ती हसली, पण साहेबांकडून आठवडा मागून घेतला.

वेळ दुपारचीच मिळत होती. पोथी देवासमोर वाचायची, आणि ऐकणाऱ्याला झोपवून वाचायची कशी? तेव्हा देवांना हात जोडून म्हटलं, सात दिवस दुपारची झोप माफ करा. दारं सताड उघडी ठेवली, समई लावली आणि पहिला अध्याय सुरू केला. आणि काय सांगू! आतून अंकिताचा आवाज एकसारखा, कुठंही न तुटता, इंग्रजीत खणखणीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी भीत भीत टीव्ही लावला, तर चित्र असं लख्ख की बॉलरच्या कपाळावरचा घाम मोजावा. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी खर्च डिंक-मेथीखालून खोडून देवकार्याखाली लिहिला.

हे जन्मात देवघराकडे फिरकले नाहीत, पण आता जेवणाचं ताट सरकवलं की विचारत, "पोथी उघडली काय वं? टॉस झाला." एकदा मी पाणी प्यायला उठले तर हे मागून म्हणाले, "उठू नको, शेवटची ओव्हर आहे!" शोभाबाईंना कळलं, त्या हळदीकुंकवाची करंडी घेऊन आल्या आणि पोथीजवळ आपला मोबाईल ठेवून म्हणाल्या, "विमलाबाई, याच्यावरूनही एखादा अध्याय वाचून द्या नं, पोरीचा व्हिडिओ कॉल लागत नाई." मी नाही म्हटलं नाही. (त्यांचाही लागला. आमच्या ओसरीत बसूनच बोलत होत्या, अंकितानं पासवर्ड दिला होता.)

सातव्या दिवशी समाप्ती. शिऱ्याचा नैवेद्य दाखवला, आरती केली. देवांकडे पाहिलं तर मलाच वाटलं, किती जागवलं मी यांना. आता आठवड्याची झोप एकदम घेऊ देत, म्हणून पांघरूण घातलं आणि पितळी दारं घट्ट लावून वर कडी घातली. तेवढ्यात आतून किंकाळी. मला वाटलं, कळा सुरू झाल्या! धावत गेले तर अंकिता लॅपटॉप धरून बाहेर येत होती. मोठ्या साहेबांपुढे बोलत होती आणि मधेच पडद्यावरचे सगळे दगडासारखे थिजले.

"आई, काय केलं तू आता?"

"काही नाही गं. देव निजवले."

तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. तुम्हाला आठवतो ना आमचा देव्हारा, नागपुराहून करवून घेतलेला, आतून-बाहेरून चारी बाजूंनी पितळी पत्रा मढवलेला? तिनं कडी काढून दार उघडलं. मोबाईलवरचा काटा वर. लावलं, काटा खाली. उघडलं, वर. लावलं, खाली. तीन-चार वेळा केलं असेल, देवांची झोप काय झाली असेल ते देवच जाणोत. मग "आई!" म्हणून मटकन खाली बसली आणि इतकी हसली की मला पोटाची काळजी लागली. हे तर सोफ्यावर आडवे झाले. "अवं, तू तं नेट पेटीत कोंडून ठेवत होती अन् मी पेटीले कूलर लावत होतो!"

हसोत बापडे. पत्र्यातून नेट जात नाही, हे मला दहावीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. पण मी एकच विचारते, दादा: दारं उघडी कोणी ठेवायला लावली? पोथीनं. मग फळ पोथीचं नाही तर कोणाचं? अंकितानं दारं उघडी टाकून मीटिंग पुरी केली, मोठे साहेब खूश झाले, आणि आता बाळंतपणाची रजा लागेपर्यंत सिंदीतूनच काम करायची परवानगी लेखी आली. बॅग खाटेखाली गेली. लाडू डब्यात परत गेले. (दोन कमी निघाले, पण आमचे हे कबूल करत नाहीत.) किती दिवसांनी काल मी दुपारी निजले. जीव भांड्यात पडला, आणखी काय लिहू? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
विमल

ता. क. : आता अडचण एवढीच की दारं उघडी ठेवली तर देव झोपत नाहीत आणि लावली तर अंकिता नोकरीवरून जाते. तेव्हा आठवण झाली ती आपल्या आईच्या सागवानी देव्हाऱ्याची. त्याला लाकडी जाळीची दारं आहेत. जाळीतून नेट जातं, मी देवेंद्रला विचारलं. वहिनींनी संगमरवरी घेतल्यापासून तो तुमच्या मागच्या खोलीत आहे, आणि हवा खेळते म्हणून त्यात कांदे ठेवलेले असतात, हे मी दिवाळीला पाहिलं. मी तेव्हा काही बोलले नाही. तुमच्याकडून संत्र्याची गाडी वर्ध्याकडे येते, तीवर घालून पाठवता येईल. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, स्पीकर असतो.

ता. क. २ : पत्र चिकटवण्याआधी खरं लिहिलं पाहिजे. देवेंद्रनं परवाच लांब वायर आणून राऊटर टीव्हीच्या कपाटावर ठेवला. आता पितळी दारं लावली तरी काटा शंभरलाच असतो आणि देव निवांत झोपतात. म्हणजे वरचं कारण आता काही उरलेलं नाही. तरी देव्हारा पाठवा. बाळाला पहिल्यांदा आईच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचं माझ्या मनात आहे. कांदे काढायला वेळ नसेल तर तसाच पाठवला तरी चालेल, इकडे कांदा महाग आहे.