तिसऱ्या नावासाठी

अर्विंग, टेक्सस
४ मार्च २०२६

चि. सौ. शैलजास,
दादाचे अनेक आशीर्वाद. विशेष पुढे आहेच, पण आधी चहा घेऊन बस.

आश्लेषाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणाला बंदी घातल्यापासून आपल्या दोघांना पोस्टाशिवाय वाली नाही. ग्रुपची अ‍ॅडमिन सूनबाई, तेव्हा ऐकावं लागतं. एका परीनं बरंच झालं. भांडण पोस्टानं गेलं की वाटेत थोडं निवतं.

काल प्रायमरीचं, म्हणजे नोव्हेंबरसाठी पक्षांनी आपापले उमेदवार निवडायच्या फेरीचं, मत देऊन आलो. नागरिक झाल्यापासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही हे तुला ठाऊक आहेच. टेबलामागच्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणत्या पक्षाची मतपत्रिका देऊ? मी विचारलं, तिसरी कुठली आहे का. त्या हसून म्हणाल्या की दोनच आहेत, आणि मागे रांग आहे. मला एकदम आपली वर्ध्याची शाळा आठवली. कवितेच्या तासाला बाई वर्गाचे दोन भाग करायच्या. एक ओळ खिडकीकडच्यांनी म्हणायची, दुसरी दाराकडच्यांनी. मला दोन्ही यायच्या, पुढचीही यायची, पण ती म्हण असं कुणी सांगायचं नाही.

दोन्ही पक्षांचे लोक दिवाळीला इथल्या मंदिरात येतात. कुर्ता घालतात, समई लावतात, फोटो काढतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आपण कुठे राहतो हे विसरतात. एक म्हणतो हे आपलेच, दुसरा म्हणतो हे त्यांचेच. आपण कुणाचेच नाही, हे सांगायची सोयच ठेवलेली नाही.

म्हणून सांगतो, इथल्या लायब्ररीत जमणाऱ्या काही निवृत्त मंडळींनी नवा पक्ष काढलाय, 'कॉमन टेबल' नावाचा. मी त्याचं मराठी केलं, एका पंगतीचा पक्ष. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर तिसरं नाव यायचं तर मेअखेर राज्यभरातून मतदारांच्या पुरेशा सह्या हव्यात. आमच्या भागाचं मी पत्करलंय. डोळे मिटण्याआधी एकदा तरी मनाजोगत्या नावापुढे खूण करायची आहे, बाकी काही मागणं नाही.

आश्लेषा काल मतदानाला गेली नाही. जेवताना मी बोलून गेलो की मत द्यायचा ज्याला आळस, त्यानं तक्रार करू नये. ती म्हणाली, दोन साड्या दाखवल्या नि दोन्ही आवडल्या नाहीत, तर दुकानातून बाहेर पडता येत नाही का? आमचे चिरंजीव यतीन ताटातल्या पोळीचा अभ्यास करत बसले. तेव्हापासून सूनबाई कामापुरतंच बोलते.

तुझ्या पक्षाला नमस्कार. लोभ तुझ्यापुरताच.
तुझा,
दादा


पार्सिपनी, न्यू जर्सी
१५ मार्च २०२६

ती. दादास,
शैलजाचा सा. न. चहा घेऊनच बसले होते, तो वाचता वाचता गार झाला.

सरळच लिहिते. नवा पक्ष काढणं म्हणजे माझ्या पक्षाची मतं फोडणं. तुम्ही मतं फोडायची आणि समोरच्यांनी फुकटात निवडून यायचं. मी इतकी वर्षं फोन करते, बर्फातून दारोदार जाते, ते काय मला माझ्या पक्षाचं सगळं पटतं म्हणून? छप्पर गळतं तर ते दुरुस्त करायचं, अंगणात झोपायला नाही जायचं.

तू लहानपणापासून असाच. बाबांनी विचारलं होतं, सायकल काळी हवी की हिरवी? तू म्हणालास, ढगाच्या रंगाची. वर्षभर शाळेत पायी गेलास. मी काळी घेऊन मोकळी झाले.

विनयरावांचं म्हणणं, करू दे त्यांना, त्या निमित्तानं घराबाहेर तरी पडतील. सह्या गोळा करायला उभा राहणार असलास तर गुडघ्याला पट्टा बांध. आणि आश्लेषाला तसं बोलायला नको होतंस.

भांडण चालू ठेवून लोभ असू द्यावा.
शैलजा


अर्विंग
१२ एप्रिल २०२६

चि. सौ. शैलजास,
आशीर्वाद, जरा पडेल आवाजातले.

आधी सायकलीचं. त्या वर्षी पायी जाता-येता माझं कवितेचं अख्खं पुस्तक पाठ झालं, ते सायकलवर झालं नसतं.

आता जे लिहितोय ते वाचून तू हसशील. इंडियन ग्रोसरीच्या दाराशी टेबल टाकून बसायला लागलो. पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरमधली मुलं थांबायची, तावातावानं बोलायची, काका एकदम करेक्ट बोलताय, यार कुणीतरी करायलाच हवं होतं हे. पेन पुढे केलं की पडलेला चेहरा आणि एकच उत्तर, काका, मी व्हिसावर आहे. मी त्यांना कागदाला हातही लावू दिला नाही. आधीच ग्रीन कार्डाच्या रांगेत पोरं म्हातारी व्हायला लागलीत.

मग आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याकडे वळलो. सगळे माझ्यासारखे कर्तव्यदक्ष. जाहीरनाम्याचं मी केलेलं पद्य म्हणून दाखवायचो, टाळ्या पडायच्या, सह्या पडायच्या. पानंच्या पानं भरली. पहिली सही माझी.

परवा लायब्ररीत लिंडाबाईंनी पानं तपासायला घेतली. आमच्या पक्षाचं सगळं कामकाज त्याच पाहतात. त्यांनी विचारलं, ह्यांच्यापैकी मार्चमध्ये प्रायमरीला कुणी मत दिलं होतं का? मी अभिमानानं सांगितलं, प्रत्येकानं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इथला नियम असा, की ज्यानं कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं, त्याची त्या वर्षी नव्या पक्षासाठी सही चालत नाही. कागदाच्या डोक्यावरच छापलंय. मी पद्य म्हणण्याच्या नादात ते वाचलंच नव्हतं.

सगळी पानं बाद, माझ्या सहीपासून. मी कुणाचाच नाही हे सांगायला निघालो, आणि कागदोपत्री मी एकाचा निघालो. बांधून घ्यायची ही तऱ्हा पाहून मला असा संताप आलाय की गुडघा दुखायचा थांबला. आता मी सोडत नाही. फक्त मताचा हक्क असून मार्चमध्ये मत न दिलेली माणसं हवीत. ती आणू कुठून?

लोभ वाढव, मला गरज आहे.
दादा


पार्सिपनी
२१ एप्रिल २०२६

ती. दादास,
सा. न. खूप हसले. विनयरावांनी पाणी आणून दिलं.

तसली माणसं कुठून आणू म्हणून विचारतोस? एक तुला रोज सकाळी चहा देते. जा, आणि झालं गेलं तोंडानं कबूल कर, पद्यात नको.

माझा पक्ष मी सोडत नाही आणि तुझ्या पक्षाला शुभेच्छाही देत नाही. पण त्या नियमानं माझीही झोप मोडली. इथल्या कमिटीत मी विचारलं की आपल्याकडचे असले नियम कसे आहेत, तिसऱ्याची एवढी धास्ती का? अध्यक्षांनी विषय पार्किंगवर नेला. ते मला आवडलं नाही.

पट्टा बांधतोस ना?
शैलजा


अर्विंग
१० मे २०२६

प्रिय शैलूआत्या,
नमस्कार. मला पत्राची सवय नाही, पण बाबा म्हणाले, बंदी तू घातलीस, आता तूही पोस्टानं लिही.

मी आर्यचा शाळेचा डबा भरत होते. बाबा किचनच्या दारात आले आणि म्हणाले, "आपल्या पक्षाची पहिली सभासद तूच होतीस, मला ओळखता आलं नाही." आत्या, मी दीड-दोन महिने भांडण तयार करून ठेवलं होतं, ते सगळं वाया गेलं.

सही मात्र लगेच केली नाही. म्हटलं, आधी वाचायला द्या. त्यांनी पद्य दिलं. निम्मं यमकासाठी आलं होतं. मग मी साधे प्रश्न विचारले. हेल्थ इन्शुरन्सचं काय करणार, शाळांचं काय, व्हिसाच्या रांगेचं काय. ते लायब्ररीत जाऊन उत्तरं घेऊन आले, आणि व्हिसाबद्दल म्हणाले, अजून ठरलेलं नाही. तिथे मी सही केली. माहीत नाही असं आजवर कुठल्याच पक्षानं मला सांगितलं नव्हतं.

आता पानं मीच फिरवते. आर्यच्या क्रिकेट प्रॅक्टिसला पेरेंट्स गाडीत बसून असतात. विचारलं की ओशाळून म्हणतात, आम्ही व्होट करत नाही. मी म्हणते, परफेक्ट. कादंबरी म्हणून टीममधल्या एका मुलाची आई आहे, तिनं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि नवऱ्यालाही फोन करून बोलावलं. बाबा ह्यांना आळशी म्हणायचे. आळशी नाहीत आत्या, वैतागलेत. यतीननं मार्चमध्ये मत दिलं होतं, त्यामुळे त्याच्याकडे फक्त चहाचं खातं आहे.

तुमच्या पक्षासकट तुमच्यावर प्रेम करणारी,
आश्लेषा


अर्विंग
३१ मे २०२६

चि. सौ. शैलजास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला ताठ मानेनं.

राज्यभरातून सह्या कमी पडल्या, बऱ्याच. नोव्हेंबरला पुन्हा दोनच नावं. तुझ्या पक्षाला पेढे वाट म्हणावं. पण आमच्या भागाच्या पानांवरून लिंडाबाईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, ह्यात खोडावं असं जवळजवळ काही नाही. ती पानं आश्लेषाची. मी वाहनचालक होतो.

घरी येऊन मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिलो. आश्लेषा शेजारच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली, दोन वर्षांनी पुन्हा. मी म्हटलं, तोवर मी असेन की नाही कोण जाणे. ती म्हणाली, असावं लागेल, सह्यांच्या पानावरची पहिली ओळ तुमच्यासाठी रिकामी ठेवणार आहे. सुनेनं असा हुकूम सोडल्यावर माणसाला मरायलाही संकोच वाटतो.

म्हणजे शैले, माझी सही चालायची तर २०२८च्या मार्चमध्ये प्रायमरीला मला घरी बसायचंय. सगळी गल्ली मतदानाला जाणार, आणि मी खिडकीतून बघणार. माझ्यासारख्याला याहून अवघड काम कुणी सांगितलं नसेल. मी आश्लेषाला बजावून ठेवलंय, त्या दिवशी गाडीची किल्ली लपव, आणि मी चालत निघालो तर यतीनला दारात उभा कर. तू इकडेच ये, दिवसभर पत्ते खेळू. तुझ्या पक्षाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी किल्ली परत मागणार, आणि टेबल गाडीत टाकून माझ्या ओळीवर सही करायला निघणार.

लोभ आहेच. आता तब्येतही सांभाळ, मला भांडायला कुणीतरी लागेल.
तुझा,
दादा