डोळ्यांवरची काळी पट्टी

३ जून, गडचिरोली
छापण्याआधीची प्रत आली. माझा पहिला लेख. नाव आधी माझं, मग सरांचं. अस्वलाने फाडलेला चेहरा, आम्ही केलेली शस्त्रक्रिया, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. तपासून लगेच परत पाठवायची आहे. नागपूरच्या पुढच्या शिक्षणाच्या अर्जाला हा लेख जोडता आला तर काम फत्ते.
अब्बांना फोन. चंद्रपूरच्या दुकानात शिलाई मशीन थांबवून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं त्यांनी. "बेटी का छप गया." अजून छापलेलं नाही म्हटलं तर ऐकेनात.

४ जून
लेखातल्या रेवताबाई आज तपासणीला आल्या, धानोऱ्याच्या पलीकडून. सोबत नणंद. गाल छान भरलाय. खुशीत येऊन मी मोबाइलवर लेख दाखवला. मागच्या वर्षी मोहफुलं वेचताना अस्वल आलं, त्या दिवशीचा फोटो. डोळ्यांवर काळी पट्टी आहे, कुणाला ओळख पटत नाही, असं मी सांगतेय तोवर नणंद म्हणाली, "हे तं आपली रेवता."
कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण ठसठशीत.
रेवताबाईंनी पदर पुढे ओढला. "डोळे झाकले बाई, अन् गोंदण काऊन उघडं ठेवलं? आमच्या इकडं गोंदणानंच वळखते."
मग हळूच, "त्या दिवशीचं माहं तोंड मी पाह्यलंच नाई. घरच्यायनं आरसा लपवला होता."
आणि ते मी त्यांना ओपीडीच्या दारात असं दाखवलं. लाज वाटली. अजून वाटतेय.

५ जून
केस पेपर काढला. अंगठा आहे. धड शुद्ध नसताना घेतलेला, शस्त्रक्रियेसाठी आणि अभ्यासाच्या फोटोंसाठी. जगात कुणीही उघडून बघेल अशा नियतकालिकात छापण्याबद्दल चकार शब्द नाही.
सर म्हणाले, "अंगठा आहे, पट्टी आहे. सगळे असंच करतात. तुझा अर्ज आहे ना यंदा?"
आहे. म्हणून तर रडू आलं. सर वाईट नाहीत. त्या दिवशी जेवणखाण सोडून तेच टाके घालत उभे होते. पण तरीही...

७ जून
संपादकांना मेल केला. छपाई थांबवा, रुग्णाची परवानगी नीट घेतलेली नाही. सरांनाही त्याची प्रत. मग मेसमध्ये जाऊन दोन ताटं भात खाल्ला. घाबरले की मला भूक लागते.
सर दिवसभर बोलले नाहीत.

१० जून
संपादकांचं उत्तर आलं. वाटलं होतं झापतील. पण लेख रद्द नाही, थांबवलाय. रेवताबाईंनी सगळं समजून घेऊन हो म्हटलं तर फोटो, नाहीतर रेखाचित्र चालेल. नुसती काळी पट्टी आता पुरेशी धरत नाहीत म्हणे, आमच्याही नजरेतून सुटलं, क्षमस्व. बरी माणसं दिसतात.
अर्जाची मुदत मात्र हुकणार.

१४ जून
धानोऱ्यापर्यंत बस, पुढे रेवताबाईंचे यजमान दामोधरभाऊ मोटरसायकलवर न्यायला आले. लेख मराठीत करून नेला होता. नवराबायकोला समजावलं की झालं, असा माझा हिशेब. कसलं काय. अंगणभर बाया.
"यायनंच मले बाजेवर टाकून जंगलातून रस्त्यावर आणलं," रेवताबाई म्हणाल्या. "तवाचं माहं तोंड यायनंच पाह्यलं. यायले न विचारता कसं सांगू?"
आमच्या संमतीच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी जागाच नाही. लेख वाचून दाखवला. 'रुग्णास उशिरा आणले' या वाक्याला सगळ्या उसळल्या. एक म्हातारी तर माझ्यावरच आली. "गाडी बलावली, आली नाई. मंग आमी पायी आणलं. ते लिव्ह ना तिथी."
खरंच होतं. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. वाक्य तिथेच खोडलं. फोटोचं उत्तर मिळालं नाही. चहा मिळाला, काळा, गोड.

१५ जून
नवं वाक्य: वाहन न आल्याने गावातील स्त्रियांनी बाजेवरून रस्त्यापर्यंत आणले. सरांना दाखवलं. "मलाही माहीत नव्हतं हे," म्हणाले. मग स्वतःहून, "चित्र काढणारा एक ओळखीचा आहे, विचारू का?" बोलले एकदाचे. जीव भांड्यात पडला.

२ जुलै
मुदत गेली. अब्बा फोनवर, "अगले साल भर देना." दुकानात काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

९ जुलै
रेवताबाई आल्या. रेखाचित्र दाखवलं, गोंदण गाळून काढलेलं. "हे तं कोणी बी होईन." मग म्हणाल्या, आताचा फोटो काढ. पदर मागे, खुर्चीत ताठ. पट्टी नको, गोंदण दिसू दे. काढला. हसताना ओठ एकाच बाजूने वर जातो, पण हसल्या.
मी फॉर्म पुढे केला. त्यांनी घडी घालून तो पिशवीत टाकला. "फोटो तुह्यापाशी ठेव. छापाचा का नाई, ते रोवणा झाल्यावर सांगतो. आत्ता साऱ्या बाया धानाच्या बांधीत हायेत."
संपादकांना लिहिलं: भाताची रोवणी होईपर्यंत थांबावं लागेल, उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. सरांनी वाचलं आणि न सांगता खाली आपलंही नाव घातलं.