डोळे मिटले की फळी दिसते

४ फेब्रुवारी

आज लांब उडीत परत फाऊल. सर म्हणाले, लक्ष कुठे आहे तुझं? लक्ष फळीवरच होतं, फळीच नव्हती! जिकडे बघावं तिकडे तो राखाडी डाग. कडेची वाळू दिसते, सरांचे बूट दिसतात. पण जिच्यावर पाय टाकून उडी मारायची ती पांढरी फळी नेमकी गायब. सगळे म्हणतात चाचणीचं दडपण आलंय. म्हणू देत.

७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. एकटीच. आईला सांगितलं, सरावाला जाते. डॉक्टरबाई फार गोड बोलायला लागल्या तेव्हाच ओळखलं. पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं राहील, मधलं जाईल. चष्म्याचा उपयोग नाही. औषध आहे का, विचारलं. त्यांनी मान हलवली असावी, मला कुठे दिसतेय!

घरच्यांना घेऊन या म्हणाल्या. नाही आणणार. आधी निवड चाचणी. संघात यायची हीच वेळ आहे, पुढच्या वर्षी हे डोळे कुठवर साथ देतील कोण जाणे. कळलं तर मला मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत. भीती वाटते. खूप.

११ फेब्रुवारी

सरांचं नवीन खूळ. बाकावर आडवं व्हायचं, डोळ्यांवर टॉवेल घ्यायचा आणि उडी मनात बघायची. नुसती बघायची नाही, तोंडाने सांगायचीसुद्धा. बाकीच्या फिदीफिदी हसत होत्या. एक तर चक्क घोरायला लागली.

मी टॉवेल घेतला आणि फळी दिसली! स्वच्छ. कडेचा उडालेला रंग, खिळ्याभोवतीचा गंज, सगळं. डाव्या गालावर ऊन. धावले, पाय बरोबर पडला, वाळू अंगावर उडाली. टॉवेलखाली रडले. सरांना वाटलं घाम आहे.

१२ फेब्रुवारी

परत बघितली. परत दिसली.

१९ फेब्रुवारी

सर म्हणतात चित्र पुरं हवं, एक कोपरा रिकामा नको. वकिलासारखे प्रश्न विचारतात. वारा कुठून? झेंडा कोणाच्या हातात? वाळू ओली की कोरडी? मला सगळं पाठ. मग विचारलं, बघायला कोण आलंय? म्हटलं, आई. वरच्या पायरीवर, हिरवी छत्री उघडून. चेहरा कसा आहे तिचा?

छत्रीखाली काहीच नव्हतं.

हसतेय, असं ठोकून दिलं. चेहऱ्याने काय उडी वाढणार आहे!

२५ फेब्रुवारी

आई लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. तिच्यासाठी सुई ओवायचं काम लहानपणापासून माझं. आज दोरा काही केल्या आत जाईना. घाई आहे म्हणून सुई टेबलावर टाकली आणि निघाले. आईने ती उचलून स्वतःच ओवायला घेतली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

३ मार्च

मैदानावरही जमायला लागलंय. गालावर ऊन घ्यायचं, चित्र सुरू करायचं, पाय आपोआप येतात. फळीकडे बघायचंच नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्याकडून शिका. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

चाचणी झाली. संपलं.

दुसरं मैदान, धावपट्टी उलट्या दिशेची. ऊन उजव्या गालावर! चित्र सुरूच होईना. पहिली उडी, लाल झेंडा. दुसऱ्या वेळी घाबरून फळीच्या कितीतरी अलीकडूनच उडाले. लहान मुलंसुद्धा त्याहून लांब मारतात.

तिसऱ्या उडीला डोळे मिटून घेतले. आपलं मैदान आठवलं, आपली फळी. मनातली उडी झकास झाली. खरी उडी धावपट्टी सोडून तिरकी गेली आणि मी खड्ड्याच्या कडेवर आपटले. झेंडेवाला वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला. आजची सगळ्यात लांब उडी त्याचीच.

सर गुडघ्यावरचं रक्त पुसत होते. हळूच विचारलं, "कधीपासून दिसत नाहीये तुला?" मी मान फिरवली. मागे हिरवी छत्री दिसली. आई म्हणाली, "सुई ओवता येईना तेव्हापासून."

१० मार्च

सर घरी आले. चहा तसाच ठेवला. म्हणाले, डोळे मिटायला मी शिकवलं ते लपायला नाही. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. गेल्यावर आई खाली बघून शिवत बसली. तू का नाही विचारलंस मला, म्हटलं. तर म्हणे, तुझी उडी होऊ दे म्हणून थांबले होते.

म्हणजे दोघी एकमेकींना फसवत होतो. सगळं त्या उडीपायी. आणि ती उडी अशी.

१३ मार्च

अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. डोळे मिटले की अजून ती फळीच दिसते. खिळ्याभोवतीचा गंज दिसतो. काय करू त्या गंजाचं!

१४ मार्च

सकाळी आईला खिडकीशी उन्हात बसवलं. हे काय नवीन, म्हणाली. म्हटलं, हलू नकोस, चेहरा पाठ करतेय. थेट बघितलं की ती जाते, म्हणून कानाकडे बघायचं, मग कडेने चेहरा येतो. डाव्या भुवईत एक पांढरा केस. हनुवटीवर जुना व्रण. हा कधीपासून आहे? मग डोळे मिटले आणि सरांनी शिकवलं तसं सगळं तोंडाने सांगितलं. कपाळ आलं, भुवया आल्या. नाकाशी येऊन पुसलं गेलं.

उद्या परत नाकापासून.