चिमूटभर पांढरी पूड

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आज मी समोर आले असते तर तुम्ही मला ओळखलंही नसतं. पण "ती चाखणारी" म्हटलं असतं तर लगेच ओळखलं असतंत. लिहायला बसले ती माझ्या लेकीमुळे. ती आता अकरावीला आहे, इथे डोंबिवलीत. काल सॉल्ट अ‍ॅनालिसिसचे व्हिडिओ मोबाईलवर दुप्पट वेगाने पळवत होती. म्हटलं, "अगं, कॉलेजात जाऊन स्वतःच्या हाताने कर की." तर म्हणाली, "मम्मी, प्रॅक्टिकलला कोण जातं? क्लासवाल्यांनी टेबल दिलंय, पाठ केलं की झालं." प्रॅक्टिकलला जाऊन मी काय दिवे लावले होते, ते तिला कुठल्या तोंडाने सांगू?

मी अकरावीत. ठाण्याच्या आपल्या कॉलेजची ती लांबट लॅब, कुजक्या अंड्यांचा वास, आणि माझ्यापुढे बाटलीतून काढलेली अनोळखी पांढरी पूड. तुम्ही फळ्यावर लिहिताय: रंग, वास, विद्राव्यता. मी रंग लिहिते, वास लिहिते आणि बोट ओलं करून चिमूटभर पूड सरळ जिभेवर ठेवते. आमच्या बाळकुमला मिठागरावर मीठ असंच पारखायचे. कडवट लागलं की ढीग वेगळा. खाडीतलं पाणी डोळ्यांनी कळत नाही, जिभेला कळतं, असं बाबा म्हणायचे. मिठागर तोवर बंद पडलं होतं, पण घरात वाण्याकडून आलेलं मीठही चाखल्याशिवाय बरणीत जात नसे. त्यामुळे यात काही चुकतंय, असं मनातही आलं नाही. उलट हुशारी दाखवायला मी मोठ्याने म्हणाले, "मॅडम, हे तर गोड आहे!"

तुमच्या हातातला खडू पडला. पुढच्या क्षणी माझं मानगूट तुमच्या हातात आणि तोंड नळाखाली. "थुंक! अजून थुंक!" पोरं हसत होती, तुमचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. मग रिक्षा, माजिवड्याचा दवाखाना. सगळ्या वाटेवर तुम्ही मला बोलत होतात. अक्कल गहाण टाकलीस का, जीभ म्हणजे टेस्ट ट्यूब आहे का, तुला काही झालं असतं तर मी तुझ्या घरी काय तोंड दाखवलं असतं. माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतंत, की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं, पोटात फारसं गेलं नव्हतं.

खरं संकट घरी होतं. आई मी लहान असतानाच गेली. वाढवलं बाबांनी, त्यामुळे माझ्या बाबतीत ते फार धास्तावलेले असायचे. दुसऱ्या दिवशी तडक कॉलेजात आले. "मॅडम, पोरीला इख चाखायला नाय धाडली आमी. बास झाला सायन्स. उद्यापासून आर्टला बसंल." मी दाराशी उभी, रडू आवरत. मला केमिस्ट्री आवडायला नुकतीच लागली होती आणि ती माझ्याच जिभेने घालवली होती.

तुम्ही वाद घातला नाहीत. बाबांना स्टूल दिलंत, तीच बाटली काढलीत आणि मला म्हणालात, "काल काय खाल्लंस ते शोध. वडिलांसमोर. आणि तोंड बंद ठेवून." पूड पाण्यात विरघळवली, एकेक परीक्षा केली, शेवटी आयोडाइडचे थेंब टाकले आणि नळीत पिवळाधमक साका उतरला. हळदीसारखा सुंदर. तक्त्याशी ताडून पाहिलं आणि तो काय आहे ते कळलं.

"काय हाय त्यात?" बाबांनी विचारलं.

"शिसं, बाबा. विषारी असतं."

"आपून जालाला लावतो, तेच?"

मी मानेने हो म्हटलं. मिठागर बंद पडलं तरी खाडीत मासळीसाठी जाळं टाकणं त्यांनी सोडलं नव्हतं, आणि जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या बसवताना प्रत्येक गोळी ते दातांनी दाबून बंद करायचे. जन्मभर. त्यांचे बाबाही तसंच करायचे. नळी उजेडाकडे धरून ते म्हणाले, "मंग मी काय करू?"

असं त्यांनी मला याआधी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "पक्कड घ्या, बाबा. आणि जेवायच्या आधी हात धुवा."

बाबा उठले. "शिकूं दे तिला," ते तुम्हाला म्हणाले. "पण तुमच्या डोल्यासमोर." दोन्ही वर्षं माझं टेबल तुमच्या खुर्चीला लागून राहिलं आणि मैत्रिणी डबा उघडला की म्हणायच्या, "आधी हिला चाखू द्या रे." आता मी एका कारखान्यात रंगांची तपासणी करते. रंगात शिसं आहे का, तेच बघते. बाबा अजून आहेत. पक्कड गंजली म्हणून गेल्या वर्षी माझ्याकडून नवी मागून घेतली. रविवारी लेकीला त्यांच्याकडे नेणार आहे. ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू दे तिला, माझं ती कुठे ऐकते.

पण एक गोष्ट बाबांनाही माहीत नाही, आणि तुम्ही होतात तोवर तुम्हालाही सांगायचा धीर झाला नाही. पत्र आता पाठवायचं तरी कुठे, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी रिक्षात मी घाबरले नव्हते. आई गेल्यापासून कुठलीही बाई माझ्यासाठी एवढी घाबरलेली मी पाहिली नव्हती. तुम्ही मनगट आवळून माझ्यावर ओरडत होतात, आणि मी मनात म्हणत होते, दवाखाना इतक्यात येऊ नये.