शालूच्या अक्षरातले पत्ते

॥ श्री ॥

नागपूर,
१८ डिसेंबर १९६०

चि. तेजरामजी यांस व चि. सौ. शालूस कमलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. शालूच्या बाबांची ती लष्कराच्या डिस्पोजलची जीप आम्हा दोघांना घेऊन एकदाची नागपूरला पोचली. राजनांदगावच्या पुढे दोनदा थांबली. एकदा तिच्या मर्जीने आणि एकदा यांच्या, कारण जी. ई. रोडवरचा मैलाचा दगड जागेवर आहे की सरकला ते यांना उतरून पाहायचं होतं. माणूस मोजणी खात्यातून रिटायर होतो, मोजणी काही माणसातून रिटायर होत नाही. भिलाईचा कारखाना उभा राहिला त्या जमिनीवर पहिली साखळी मी टाकली, हे इथे माणिकच्या घरी सगळ्यांना दोनदा सांगून झालं. माणिक माझी धाकटी बहीण, तिने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. ती म्हणते की नागपूर आता महाराष्ट्रात आलं आणि तुम्ही मध्यप्रदेशात राहिलात, तेव्हा ताई, तू परराज्यातली पाहुणी.

शालू, तुला सातव्यात सोडून निघाले, याची टोचणी आहेच. पण ढकललंस तूच. म्हणालीस की एकदा मूल झालं की आई, तुला कुणी दुर्गच्या वेशीबाहेर सोडणार नाही, बाबांना आयुष्यात एकदा वेरूळ पाहू दे. आता अमरावती, औरंगाबाद, नाशिक असं करून संक्रांतीच्या आसपास परत. बाळंतपणाला मी तुझ्या उशाशी असेन.

तेजरामजी, पत्र लिहायचा तुमचा कंटाळा जगजाहीर आहे. म्हणून शालूने आमच्या मुक्कामांप्रमाणे कार्डांवर पत्ते घालून आणि माथ्यावर श्री काढून ठेवलं आहे. तुम्ही फक्त मधला मजकूर भरायचा. तार मात्र कधीही करू नका. यांच्या थोरल्या भावाची बातमी तारेने आली होती. तेव्हापासून तारवाला नुसता गल्लीतून गेला तरी यांच्या हातातली वस्तू खाली पडते, आणि सध्या त्या हातात स्टिअरिंग आहे.

निघताना भिलाईला तुमच्या कॅम्पच्या वळणावर यांनी तीनदा हॉर्न दिला आणि शालूने खिडकीतून हात हलवला. परत येताना तसाच देणार म्हणतात. माझी पोर तीन हॉर्नवर बाप ओळखते, अशी प्रौढी चालली आहे.

कळावे. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवलात तर जीपमध्ये मावायचा नाही.

तुमची,
कमला

---

॥ श्री ॥

कॅम्प-१, भिलाई,
२२ डिसेंबर १९६०

ती. स्व. मामाजी व सौ. मामी यांस तेजरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र पावले. इकडे सर्व ठीक आहे. हे पत्र मी लिहीत आहे आणि शालू खांद्यामागून वाचत आहे. ती म्हणते की बाबांच्या पत्रात मले-तुले लिहू नका, नाहीतर ते लाल शाई घेऊन बसतील. म्हणून एकेक शब्द जपून लिहितो. क्रेनच्या केबिनमध्ये बसून पंधरा टनांचा माल उचलायला मला भीती वाटत नाही, पण तुम्हाला पत्र लिहिताना घाम येतो.

माझी आई गावाहून आली आहे. शालूच्या पायांवर सूज आहे आणि बोटातली अंगठी निघत नाही, डोकेही दुखते. नर्सबाईने मीठ बंद केले आहे. त्यावरून आईचे आणि शालूचे रोज भांडण. आई म्हणते की पोरीले बिनमिठाचं खाऊ घालून राहिले, तिनं का गुन्हा केला का. शालू म्हणते की सासूबाईंनी चोरून दिलेली लोणच्याची फोड मी खाल्ली नाही असे लिहा. तसे लिहिले आहे. खरे काय ते मला विचारू नये.

आठ दिवस माझी सकाळची पाळी आहे. काळजी नसावी. वेरूळचे सर्व नीट पाहून यावे.

आपला लोभ आहे म्हणूनच लिहिण्याचे धाडस केले.

आपला,
तेजराम

शालूचा उभयतांस नमस्कार.

---

(कार्ड, औरंगाबादच्या पत्त्यावर)

॥ श्री ॥

भिलाई,
२९ डिसेंबर १९६०

ती. स्व. मामाजी व मामी यांस सा. न.

शालू काल दुपारी सुटली. सकाळपासून फार त्रास होता. आता तिला काही त्रास नाही. आई शेवटपर्यंत जवळ होती. तुम्ही रस्त्यात आहात, घाईने गाडी हाकू नये. जमेल तसे यावे. मला जास्त लिहिता येत नाही.

तेजराम

---

॥ श्री ॥

औरंगाबाद,
३ जानेवारी १९६१

चि. तेजरामजी यांस कमलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. कार्डावर शालूचं अक्षर पाहिलं, तेव्हाच जीव भांड्यात पडला. मग मजकूर वाचला. पोर सुटली! दोन महिने आधी सुटली म्हणून मजकूर पुन्हा वाचला, पण तुम्ही त्रास नाही लिहिलंत आणि मग मी रडले, हसले, दोन्ही केलं. घाबरू नका. आठव्यातलं नाजूक, सातव्यातलं जगतं. मी स्वतः सातमाशी आहे आणि तुमच्या मामाजींना पस्तीस वर्षं पुरून उरले आहे. या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आहे, ते शालूला दाखवा.

पण धन्य तुमची! मुलगा की मुलगी ते लिहायचंच राहिलं. पुरुषमाणसाने बातमी लिहावी ती अशी. यांनी लगेच ठरवलं की मुलगीच असणार आणि नाव नर्मदा. वेरूळला कैलास लेणं पाहायचं सोडून हे भेटेल त्याला मी आजोबा झालो म्हणून सांगत होते. एक मद्रासी गृहस्थ, त्यांना अक्षर कळलं नाही, त्यांनी हात जोडले.

मला इथूनच मागे फिरायचं होतं. हे म्हणाले की जावई लिहितात घाई करू नका, बाळंतिणीला तशीही दहा दिवस शांतता हवी, विहीणबाई मैनाबाई आहेत, आणि अच्युत नाशिकला आठ तारखेपासून वाट पाहणार. बारा वर्षांनी शाळेतला मित्र भेटतो आहे, तर मी नाशिकसाठी सामान बांधलं.

शालू, राणी, कानाला रुमाल बांध. गार पाण्यात हात घालू नको. मैनाबाई म्हणतील तो काढा नाक मुरडून का होईना पी. आणि आता तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव, यांच्या लिहिण्यावर माझं पोट भरत नाही.

लोभाचं काय लिहू, तो आता वाटून घ्यायला एक माणूस वाढलं.

तुमची,
कमला

---

कॅम्प-१, भिलाई,
६ जानेवारी १९६१

ती. अच्युतकाका यांस तेजरामचा नमस्कार.

आपली माझी भेट नाही. मी हरिभाऊंचा जावई. या पत्राचा कोपरा फाडला आहे, त्यावरून बातमी कशी आहे ते कळले असेल. माझी पत्नी शालू २८ तारखेला वारली. सकाळी एकाएकी झटके आले. प्लांटच्या गाडीतून दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी हातचे काही राखले नाही. बाळही पोटातच गेले. मुलगी होती.

मामाजी आणि मामी हे जाणत नाहीत. चूक माझी आहे. आमच्या घरी दुखण्यातून माणूस गेला की गेला म्हणत नाहीत, सुटला म्हणतात. आई म्हणाली की असंच लिही, मायबापाले वाचायले सोपं जाते. मी सुटली लिहिले. त्यांनी बाळंत झाली असे वाचले. कार्ड शालूने लिहून ठेवलेले होते. पत्ता तिच्या हातचा, श्री तिच्या हातचा. कोपरा फाडायला गेलो तर नखाखाली तिचे अक्षर आले. काका, माझ्याने फाडवले नाही.

आज हळदकुंकवाचे पत्र आले. मुलगा की मुलगी विचारले आहे. उत्तर लिहायचे तर कुठे लिहू, ते गाडीत आहेत. तार करायची नाही अशी मामींची शपथ आहे. आज शिवनाथ नदीवर दहावा केला. कावळा शिवेना. दोन तास बसलो. शेवटी मी मोठ्याने म्हटले की तुझ्या आईबाबांले मी कळवतो, तेव्हा शिवला.

आता ते आपल्या घरी येतील. आपण वडील माणूस, आपण सांगावे. सांगून त्यांना गाडीत बसू देऊ नये, रेल्वेने आणून सोडावे. मले काहीच सुचून नाही राहिलं. शब्द जपून लिहायचे ते शालूसाठी, आता कोणासाठी लिहू.

एवढी माया करावी.

तेजराम

---

नाशिक,
१२ जानेवारी १९६१

चि. तेजराम यांस अच्युतकाकाचे आशीर्वाद.

तुमचे पत्र नऊ तारखेला, ते दोघे आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. मी ते वाचले त्या वेळी हरिभाऊ आमच्या गल्लीत घरोघर पेढे देत हिंडत होता. माझ्याही हातात त्याने एक ठेवला होता.

तुम्हाला खोटे कशाला लिहू. मी सांगितले नाही. तीन दिवस सकाळी उठून ठरवत होतो. एकदा त्याला गोदावरीच्या घाटावर नेऊन बसवलेही. त्याने माझा हात धरून विचारले की अच्युत, नातीला जीपमध्ये बसवायला किती महिन्यांची होऊ द्यावी. मी सहा म्हणालो. शाळेत मी त्याच्यापेक्षा धीट होतो, असे तो अजून सगळ्यांना सांगतो.

तुमचे पत्र कुठे ठेवू सुचेना म्हणून पंचांगात दडवले होते. आज सकाळी ते दोघे निघाले. तुम्ही ज्याला वडील माणूस समजलात तो भित्रा निघाला. निघताना कमलावहिनी माझ्या पाया पडल्या. त्या कधी पडत नाहीत. मला क्षमा करू नका, फक्त हे कळून असा.

अच्युत

---

अकोला,
१४ जानेवारी १९६१

चि. तेजरामजी यांस कमलाचे आशीर्वाद.

हे पत्र हे टायरची हवा पाहायला गेले आहेत तेवढ्यात लिहिते आहे. मला कळलं आहे.

दहा तारखेला बाळाच्या नावाचं अक्षर काढायचं म्हणून अठ्ठावीस डिसेंबरचं नक्षत्र पाहायला मी अच्युतरावांचं पंचांग उघडलं. त्यात कोपरा फाडलेलं पत्र होतं. खरं सांगू का, शंका त्याआधीच आली होती. लग्नापासून तुमच्या प्रत्येक पत्राखाली शालूचा नमस्कार असतो. त्या कार्डाखाली नव्हता. औरंगाबादेत हे झोपले की मी ते कार्ड काढून पाहत असे आणि मनाची समजूत घालत असे, की बाळंतीण झोपली असेल.

तुमची चूक नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत. आम्ही आम्हाला हवं ते वाचलं.

यांना मी सांगितलेलं नाही. गाडी इथेच ठेवून रेल्वेने जाऊ असं नाना परींनी सुचवून पाहिलं. हसतात. म्हणतात की नर्मदेला दवाखान्यातून लोकांच्या गाडीने आणलं असेल, आता फिरवायची ती आजोबाच्याच गाडीतून. सांगितलं तर हा माणूस रेल्वेची वाट पाहायचा नाही, स्टिअरिंगला बसेल आणि हाणत सुटेल. मग मी शेजारी बसून हं म्हणते. मैलाचे दगड मोजत जातात तेही मोठ्याने, मी मान हलवते. परवा एका घाटात मनात आलं की सांगून टाकावं, सुटू दे यांच्या हातून स्टिअरिंग, जाऊ दे गाडी जिथे जाईल तिथे. मग तुम्ही आठवलात, एकटे. म्हणून सावकाश चला म्हणाले.

आज संक्रांत. इथल्या यजमानीणबाईंनी तिळगूळ दिला, आणि यांच्या तोंडून लेक बाळंत झाल्याचं कळलं म्हणून तिच्या नावाचंही वाण माझ्या ओटीत घातलं. ते मी घेतलं. नको कसं म्हणू? ओटीत घेऊन बसले आहे आणि ते कुणाला द्यायचं ते मला समजत नाही. मी आई आहे आणि मला चार दिवसांत एकदाही मोकळं रडता आलेलं नाही, तेजरामजी. अंघोळीला बसते तेवढंच.

आता माझं एक काम करा. नागपूरला माणिककडे दोन दिवस मोडतील, बुधवारी १८ तारखेला दुपारी आम्ही पोचू. तुम्ही कॅम्पच्या वळणावर एकटे उभे राहा. मैनाबाईंना घरात ठेवा, शेजारच्या बायांनाही सांगून ठेवा. कुणीही आधी रडायचं नाही. गाडी थांबू द्या, इंजिन बंद होऊ द्या, किल्ली माझ्या हातात येऊ द्या. त्यानंतर तुम्ही त्यांना धरा. मी तेव्हा उभी राहू शकेन की नाही, ते मला माहीत नाही.

हे आले. पत्र चिकटवते आहे. लोभ असू द्या, आता तुमच्याशिवाय आम्ही तो कुणाकडे मागायचा.

शालूस

सवयीने लिहून गेले. खोडत नाही.

कमला

(पत्राच्या पाठीवर, बाहेरून, हरिभाऊंच्या अक्षरात)

ता. क. कमलाने मला न वाचू देताच पत्र बंद केले. मायलेकींची गुपिते असतील. म्हणून इथे बाहेरच लिहितो. बुधवारी वळणावर तीनदा हॉर्न देईन. हवेत गारठा आहे, शालूला म्हणावे बाहेर येऊ नको, खिडकीतूनच हात दाखव.
— हरिभाऊ