रद्द झालेल्या निकालाचा आधार

लाडक्या ओडेसाला वॉशिंग्टनहून थोरल्या बहिणीचा भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

सैन्याच्या सदऱ्यांचं कंत्राट गेलंच. आपल्या शिवणखान्याला आता कुलूप लागणार. आपली नात व्हर्लीन एवढी मोठी वकील, पण कंत्राट वाचवायला तिनं कोर्टात ज्या जुन्या निकालाचा आधार दिला, तो वरच्या कोर्टानं कधीच रद्द केला होता. बाईसाहेबांनी तपासलंच नाही! न्यायाधीश म्हणाले, "हा निकाल आज जिवंत आहे का, बाई?"

हे पत्र तीच लिहितेय. "आजी, एवढं वगळू का?" म्हणते. म्हटलं, "लिही गुमान."

लिहिलं म्हणते. मला कुठं वाचता येतंय? ओडेसा, खरंच लिहिलंय का ते कळव. उत्तर शेजारणीच्या पत्त्यावर धाड, ती वाचून दाखवेल. हिच्या शब्दावर एकदा बुडालोय.

तुझी, अजून ताठ उभी,
अर्नेस्टीन