धाकटा म्हणजे मी

शनिवार, ८ मार्च
सिनेमा पाहिला. सामान्य. शेजारची बाई रुमाल पिळत होती. इतकं रडण्यासारखं काय, कळत नाही. मी रडलो, त्याचं कारण वेगळं. ही माझी गोष्ट आहे.

दोन भाऊ. धाकटा घरी राहून आजारी वडिलांचं सगळं करतो, त्यांचं दुकान सांभाळतो. थोरला शिकायला बाहेरगावी. वडील गेल्यावर उगवतो, कपाटाच्या चाव्या मागतो आणि त्यांचा रेडिओ शालीत गुंडाळून घेऊन जातो. धाकटा जिन्यात उभा राहून बघतो.

तो धाकटा म्हणजे मी.

रविवार, ९ मार्च
साम्यं. हीरो डावीकडे भांग पाडतो. मीही पाडायचो, केस होते तेव्हा. बशीतून चहा पितो. जिन्यात उभा राहतो. आमच्याही घराला जिना होता.

फरक किरकोळ. मी थोरला आहे. वय लपवायची सिनेमावाल्यांना सवयच असते. वडिलांच्या आजारपणात मी हॉस्टेलला होतो, पण काळजी सगळी मीच करायचो. अंग पुसणं वगैरे आमच्या धाकट्याने केलं. ते कोणीही करतं. चाव्या मी मागितल्या होत्या, पण माझा सूर वेगळा होता. आणि आमच्याकडे रेडिओ नव्हे, भिंतीवरचं घड्याळ. ते मी आणलं, पण चादरीत. शाल नव्हती.

बायकोला हे समजावलं. ती भाजी निवडत होती. मग म्हणाली, "तुम्ही सिनेमा पूर्ण पाहिलात ना?"

तिला कलेतलं काही कळत नाही.

मंगळवार, ११ मार्च. ऑफिस
शेजारच्या टेबलवरच्या कारकुनाला सांगितलं. म्हणाला, त्यालाही हीरो म्हणजे आपणच असं वाटलं. त्याला भाऊच नाही. लोकांना आपल्या थोरवीचा पुरावा कुठेही सापडतो.

निर्णय: धाकट्याला हा सिनेमा दाखवायचा. वडील गेल्यापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतो आणि फुगून बसतो. स्वतःला पडद्यावर पाहिलं की हवा जाईल. माफी मागेल. मी लगेच माफ करणार नाही. निदान चहा होईपर्यंत नाही.

बुधवार, १२ मार्च
फोन बायकोने लावला. मीच लावणार होतो, पण हात ओले होते. धाकट्याने कुठला सिनेमा म्हणून विचारलं. नाव ऐकून, दादानेच सांगितलं का, असं विचारलं. मग येतो म्हणाला.

घाबरलाय.

शनिवार, १५ मार्च
मध्ये बायको, दोन बाजूंना आम्ही. चाव्यांच्या प्रसंगाला त्याच्याकडे पाहिलं. मान खाली. रेडिओच्या वेळी हुंदका. म्हटलं, रड लेका.

बाहेर पायऱ्यांवर त्याने माझा हात धरला. "दादा, तोंडाने बोलणं तुला कधी जमलंच नाही. पण मुद्दाम हा सिनेमा दाखवायला आणलंस. पोचली माफी. आता काही बोलू नकोस."

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला. तिची चप्पल टाचेची आहे.

रविवार, १६ मार्च
बहिणीचा फोन. रडत होती. दादाचं मन एवढं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं म्हणे. धाकट्याने सगळीकडे सांगितलंय. गैरसमज दूर करायलाच हवा. उद्या.

सोमवार, १७ मार्च
खोकला.

बुधवार, १९ मार्च
धाकटा येतोय. आज सोक्षमोक्ष. मुद्दे कागदावर काढले.

संध्याकाळ. हत्यारांची पेटी घेऊनच आला. घड्याळ कधीचं बंद आहे, हे गुपित बायकोने फोडलेलं. स्टुलावर चढून त्याने ते उतरवलं, जेवणाच्या टेबलावर उघडलं. वडिलांसारखाच एक डोळा मिटून बसतो. मी उजेडासाठी बॅटरी धरली. "दादा, जरा डावीकडे," म्हणाला. धरली डावीकडे. मुद्दे खिशातच राहिले.

घड्याळ फार वाजतं. पूर्वी इतकं वाजत नव्हतं.

जेवून गेला. पुढच्या रविवारी त्याच्याकडे बोलावलंय.

शनिवार, २९ मार्च
सिनेमा परत पाहिला. एकटाच गेलो. हीरो फारच रडका. दिग्दर्शकाने लाडावून ठेवलाय. थोरल्याचं काम करणारा मात्र बरा आहे. रेडिओ गुंडाळण्याआधी तो त्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसतो. एवढ्या प्रेक्षकांत हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

त्याला टक्कल आहे. माझ्याइतकं नाही.